वळवात विरघळलेलं शिरस्त्राण (चित्ररथाचं सामान घरी करताना)

सुईदोरा (वडगाव, बेळगाव)

मंडळी, चार वर्षं इथं नुसता वाचक म्हणून बसलोय. आज गरज पडली म्हणून पहिलाच धागा काढतोय. लांबलाय, सांभाळून घ्या.

बेळगावची शिवजयंती तिथीनं, वैशाख शुद्ध द्वितीयेला. त्यानंतरची चित्ररथ मिरवणूक रातभर चालते हे इथल्यांना सांगायला नको. बाहेरच्यांसाठी सांगतो: ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर देखावा, देखाव्यात जिवंत माणसं, आणि संध्याकाळी हललेली ट्रॉली घरी पोचेपर्यंत कोंबडा आरवतो. गेल्या वर्षी आमच्या गल्लीतल्या पोरांनी पावनखिंड धरली. चौदा मावळे, एक बाजीप्रभू, समोर सिद्दी मसूदची चार माणसं. आधी आम्ही ड्रेपरी भाड्यानं आणायचो. टोपाच्या आत गंज, चिलखताला कुणाच्या तरी मागल्या वर्षीच्या घामाचा वास, आणि अनामत परत घेताना दरवेळी भांडण. म्हणून मीच पुढं होऊन म्हटलं, मशीन घरात आहे, हात चालतोय, सगळं घरी करू.

ढाली बऱ्या झाल्या. घमेलं पालथं घालायचं, त्यावर प्लास्टिकची पिशवी ताणून बसवायची, मग रद्दीचे तळहाताएवढे तुकडे (फाडलेले, कापलेले नव्हे, कापलेल्याची कड वर दिसते) खळीत बुडवून एकावर एक आठ थर. खळ मैद्याची. एक वाटी मैदा, पाच वाट्या पाणी; आधी गार पाण्यात कालवायचा, मग मंद आचेवर ढवळत राहायचं. पांढरटपणा जाऊन काचेसारखी दिसायला लागली की उतरवायची. एका वेळी तीनच थर, मग दिवसभर ऊन. घमेली कमी पडली तेव्हा सासूबाईंची जर्मनची (ॲल्युमिनियमची) परात घेतली आणि नेमकी तिच्यावर प्लास्टिक घालायचं विसरलो. परात आतच राहिली. ती ढाल वेगळी ओळखू येते, वाजते.

टोपांनी घात केला. साचा म्हणून फुगे वापरले. फुगा रात्री गारव्यानं आकसतो, सकाळी उन्हानं ताणतो, आणि वरचा ओला कागद त्याच्याबरोबर सुरकुततो. तरी उरकले. वरून चंदेरी पोस्टर कलर.

मिरवणुकीत साडेदहाच्या सुमाराला वळीव आला. आधी धुळीचा लोट, मग रुपयाएवढे थेंब, मग गारा. ट्रॉली अडकलेली, पुढं ढोलपथक, मागं दुसरा चित्ररथ, आडोसा कुठं नाही. पंधरा मिनिटांत टोपांच्या कडा मऊ पडल्या. एकाचा टोप द्रोणासारखा मिटून नाकावर आला. चंदेरी रंग ओघळून सगळ्यांच्या गालांवर. बाजीप्रभू झालेला पोरगा दोन्ही हातात तलवारी धरून उभा, डोळ्यांत रंग गेलेला, पुसायला हात मोकळा नाही. रडला नाही खरं, ओठ मात्र चावत होता. लोक हसत होते. मलाही हसू आलं, आणि घरी येऊन झोप आली नाही. खरी पावनखिंड १६६० च्या आषाढात, भर पावसात लढली. आणि आमचे मावळे वैशाखातल्या अर्ध्या तासाच्या वळवानं विरघळले.

आता शिमगा झाला, हातात दीड-पावणेदोन महिने आहेत. मंडळानं तीन हजार रुपये दिलेत, एकोणीस पोरांचं सगळं त्यात. मला तीन गोष्टी विचारायच्यात. कागदाचं सामान पावसात कसं टिकवावं? चिलखत कशाचं करावं? आणि दहा वर्षांच्या पोराला रातभर डोक्यावर किती वजन पेलवतं?

---

कपिलेश्वराचं_तळं

मी बघितलंय ते! रामदेव गल्लीत गॅलरीत उभा होतो. हसणाऱ्यांत मीही होतो, माफ करा. खरं त्या बाजीप्रभूनं तलवार खाली केली नव्हती, ते घरात अजून सांगतात.

---

चपडालाख

तीस वर्षं हौशी नाटकांची प्रॉपर्टी केली आहे, त्या हक्कानं लिहितो.

खळ पाण्यात विरघळते म्हणूनच ती खळ. मैद्याला दोष देऊ नका. तुम्ही रंग फक्त बाहेरून दिला असणार. पाणी वरून कमी आणि आतून, कडेतून जास्त शिरतं. टोपाची कड म्हणजे कापलेल्या केळीच्या सोपासारखी. आतले सगळे थर उघडे, पाणी ओढायला बसलेले. म्हणून सुकलेल्या वस्तूच्या कडेला आधी जुन्या सुती कापडाची दोन बोटं रुंद पट्टी चिकटवा, अर्धी आत अर्धी बाहेर. मग चपडा.

चपडा म्हणजे लाखेच्या पातळ पापड्या. सुतारकामाचं सामान मिळतं त्या दुकानात मागा. शंभर ग्रॅम चपडा अर्धा लिटर पॉलिशच्या स्पिरिटमध्ये रातभर भिजत ठेवायचा, मधूनमधून हलवायचा. सकाळी मधाच्या रंगाचं पातळ पॉलिश तयार. आतून दोन हात, बाहेरून दोन हात, कडेला तीन. अर्ध्या तासात सुकतं. मग त्यावर ऑइल पेंट. पोस्टर कलरला हात लावू नका. स्पिरिट पेट घेतं, म्हणून हे काम अंगणात, चुलीपासून आणि विडी ओढणाऱ्या काकांपासून लांब.

चपडा परवडत नसेल तर जवसाचं तेल गरम करून चोळायचं. चालतं, पण सुकायला आठवडा घेतं आणि वास महिनाभर राहतो.

दुसरं, नुसता कागद नको. आठ थरांतले मधले दोन जुन्या धोतराचे किंवा पातळाचे लावा. कागद दाबल्यावर मोडतो, कापड मोडत नाही. आणि खळ चिंचोक्याची केलीत तर उत्तम. सावंतवाडीची गंजिफा ज्या खळीवर उभी आहे ती हीच. चिंचोके भाजून, टरफल काढून, दळून शिजवायचे. मेहनत आहे, पण मैद्यापेक्षा कडक बसते.

उंदीर-झुरळं खळ खातात म्हणून आम्ही मोरचूद घालायचो. मुलांच्या डोक्यावर जाणाऱ्या वस्तूत घालू नका, ते विष आहे. चपडा नीट बसला की उंदीर तोंड लावत नाहीत.

फुगा विसरा. डोक्याच्या मापाचं गाडगं आणा.

---

इतिहासाचा_किडा

रागावू नका, पण प्रश्नच मुळात चुकला आहे असं वाटतं. चौदा मावळ्यांना चौदा चंदेरी टोप कशासाठी?

साखळीचं खरं चिलखत आठ-दहा किलोच्या घरात जायचं, आणि किमतीनं सरदाराच्या अंगावर शोभायचं. पन्हाळ्याहून विशाळगडाकडं चिखलातून रात्रभर धावत आलेला मावळा शिरस्त्राण घालून धावला असेल का? त्याच्याकडं मुंडासं, अंगरखा किंवा बंडी, कमरेला शेला, खांद्यावर घोंगडी, पाठीला ढाल. आपण कॅलेंडरं आणि सिनेमे बघून सगळ्यांना चांदीत मढवतो.

महाराजांचंही तसंच. त्यांच्या हयातीच्या आसपासची डच संग्रहातली चित्रं बघा. डोईला पागोटं आणि त्यावर तुरा आहे, आपण मखमलीवर सोनेरी लेस मारून करतो तो 'जिरेटोप' नाही. चित्रांचंच सांगायचं तर एके काळी भलत्याच माणसाचं चित्र महाराजांचं म्हणून छापलं जायचं, वा. सी. बेंद्रे यांनी ते खोडून खरं चित्र पुढं आणलं. आणि इतक्या लांब कशाला? तुमच्याकडून धारवाडच्या बाजूला यादवाडला मारुतीच्या देवळात महाराजांचं दगडी शिल्प आहे. एकदा पोरांना घेऊन जा.

तलवारीचंही बोलतो. सगळ्यांच्या हातात सारखी वाकडी तलवार देऊ नका. मराठ्यांची धोप सरळ पात्याची. सरळ पातं करायलाही सोपं आहे, हा तुमचा फायदा.

---

ढालगज (निपाणी)

आयडीवरून कुणी काही बोलायचं नाही, माहेरी मला हेच म्हणायचे.

किड्याशी मी चक्क सहमत आहे, ही तारीख लिहून ठेवा. शिवाय हिशेब बघा. चौदा टोपांचा खर्च वाचला की तीन हजारांत सगळं बसतं. मुंडाशाला जुन्या सुती साड्या उभ्या फाडा. पोराच्या डोक्याला तीन मीटर पुष्कळ. पांढरंफेक ठेवू नका, चहाच्या चोथ्यात उकळून काढा. प्रत्येक मुंडासं वेगवेगळा वेळ भांड्यात ठेवलं की चौदांच्या चौदा छटा. एकाच ठाणातनं कापल्यासारखी दिसली की मावळे न वाटता बँडवाले वाटतात.

घोंगडी मात्र खरी घ्या. आपल्या भागात घरोघरी एखादी पडलेली असतेच, मागून आणा. पाऊस आला तर येऊ दे, घोंगडी त्यासाठीच असते.

---

पिंपळपान (पुणे)

छान धागा. दादा, एक शंका. हे सगळं ऑनलाइन तयार मिळतं ना? प्लास्टिकची ढाल-तलवार सेट अगदी स्वस्तात येतो. एवढा व्याप कशाला? आणि सासूबाईंची परात म्हणजे घरजावई का हो तुम्ही? (हलके घ्या.)

---

सुईदोरा

पिंपळपान, मी सून आहे या घरची. 😀 बेळगाव-कोल्हापुराकडं बायकाही 'मी आलो, मी गेलो' असंच बोलतो. माझी पुण्याची जाऊ पहिल्या दिवशी अशीच गोंधळली होती.

ऑनलाइनचा सेट गेल्या वर्षी एकानं आणला होता. ढाल ताटलीएवढी, तिच्यावर इंग्रजी नाइटचा सिंह. मूठ रामदेव गल्ली यायच्या आत तुटली.

चपडालाख काका, दंडवत. उत्तर मिळालं. किडा भाऊ, आधी तुमचा राग आला, मग रात्री देखाव्याचा कागद काढून बसलो आणि चौदा टोपांवर काट मारली. आता टोप दोनच, सिद्दी मसूदच्या माणसांना. बाजीप्रभूला काय द्यावं?

---

इतिहासाचा_किडा

सुईदोरा ताई, मोठं मन तुमचं. बाजीप्रभू देशपांडे होते, वतनदार. पागोटं चांगल्या कापडाचं, कानात भिकबाळी, अंगावर एक चिलखत शोभेल. दोन्ही हातांत पट्टे दाखवण्याची रीत आहे, तलवारींऐवजी दांडपट्टे द्या. महाराष्ट्रानं २०२४ साली दांडपट्टा राज्यशस्त्र ठरवलाय, तेवढाच मान.

---

निपाणकर_तंबाखूवाला

पट्ट्याचं माझ्याकडं सोपवा. आमच्या पोरांनी केलाय, फोटो चढत नाही म्हणून लिहितो.

पट्ट्याची मूठ म्हणजे खोबळा, कोपरापर्यंत हात झाकणारा. पाच लिटरचा गोड्या तेलाचा कॅन घ्यायचा, तळ आणि तोंड कापून उभा चिरायचा, हाताभोवती गुंडाळून मापात आणायचा. आत बोटं धरायला आडवी बांबूची कांडी, दोन्हीकडनं तारेनं आवळलेली. कांडी नीट बसली नाही तर पट्टा फिरवताना हातातून निसटून प्रेक्षकांत जातो. आमचा गेला होता. कुणाला लागलं नाही.

पातं खऱ्या पट्ट्याचं लवलवतं असतं. बांबूची कामटी तशी लवलवत नाही. मोठे खोके बांधायची प्लास्टिकची पट्टी असते ना, गोडाऊनमध्ये ढिगानं पडलेली, ती चालते. दोन पट्ट्या पाठीला पाठ लावून मधे फेविकॉल न लावता (प्लास्टिकला तो धरत नाही) नुसत्या चंदेरी टेपनं गुंडाळायच्या. टोक दुमडून घ्या, त्याची कड कापते. तीन फुटांच्या वर नको.

मुठीला गुंडाळायला कातडं हवं असेल तर अथणी नाहीतर निपाणीच्या चपलावाल्यांकडं जा. कोल्हापुरी चपलेला २०१९ ला भौगोलिक मानांकन मिळालं ते आठ जिल्ह्यांना, चार तिकडचे चार इकडचे, त्यात आपला बेळगाव जिल्हा आहे. नाव कोल्हापूरचं, हात आपलेही. तर त्यांच्या पायाशी कातडीच्या चिंधोट्या पडलेल्या असतात. मूठभर मागितल्या तर कुणी नाही म्हणत नाही. तलवारीच्या मुठी, ढालीच्या आतल्या वाद्या, कमरेचा पट्टा, सगळं निघतं.

---

खानापूरची_माती

मी खानापूर तालुक्यात शाळेत आहे. आमच्याकडं मुलांच्या देखाव्यात ऑक्टोबरात कित्तूर उत्सवाच्या सुमाराला इंग्रजांशी लढलेली राणी चन्नम्मा आणि जानेवारीत तिचा शिलेदार रायण्णा असतो, त्यामुळं हा धागा वाखुसा (वाचनखूण साठवली).

गाडग्याच्या साच्याला अनुमोदन. आमचं गाव कुंभारांचं, म्हणून फुकटचा सल्ला: गाडगं पुरतं भाजलेलं घ्या. अर्धं कच्चं असलं तर ओल्या कागदानं ते पाणी पितं आणि टोप काढताना गाडग्याचा पापुद्रा बरोबर येतो. मापाला पोराच्या डोक्याभोवती सुतळी फिरवा आणि गाडगं त्याहून दोन बोटं मोठं घ्या. आत सुती कापडाची चुंबळ शिवून बसवायची असते, तिला जागा हवी. चुंबळ नसली की टोप डोक्यावर फिरतो आणि पोरगं रात्रभर एक हात टोपालाच लावून.

वजनाचं विचारलंत. आमच्या अनुभवानं अर्धा किलोच्या आत असेल तर चौथीचं पोर विसरून जातं की डोक्यावर काही आहे. पाऊण किलो झालं की तासाभरात मान चोळायला लागतं.

आता दागिने. चन्नम्मेला करताना आम्ही काय करतो ते सांगते, तुम्हाला भिकबाळीला उपयोगी पडेल. मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात जळलेल्या वाइंडिंगची तांब्याची तार भंगारात टाकतात. न जळालेला तुकडा मिळाला तर त्याच्यावर पातळ लाखी लेप असतो, त्यामुळं ती सोन्यासारखी पिवळसर झळकते आणि काळी पडत नाही. नथ, भिकबाळी, वाकी, सगळं त्या तारेचं. मोती प्लास्टिकचे चालतात, फक्त सगळे एका मापाचे घेऊ नका. आणि टोचलेल्या कानाची वाट बघू नका, तारेचं टोक वळवून चाप करा.

ठसठशीत काही हवं असेल, म्हणजे ढालीवरची फुलं, शिरपेच, कमरपट्ट्याचं पदक, तर लग्नाच्या जेवणात येणारे ॲल्युमिनियमचे डबे धुऊन घ्या. डब्याचा तळ सपाट कापायचा. खाली वर्तमानपत्राची जाड घडी. शाई संपलेल्या बॉलपेननं मागच्या बाजूनं नक्षी दाबायची, उलटवून कडेकडेनं पुन्हा दाबायची. पत्रा पेनाखाली लोण्यासारखा दबतो. झाल्यावर मागच्या खळग्यात कागदाचा लगदा भरा, नाहीतर पहिल्या धक्क्याला नक्षी बसते. वर काळा ऑइल पेंट फासून लगेच चिंधीनं पुसायचा. खाचांत काळं राहतं, उंचवटे चमकतात. माझी पाचवीची मुलं हे दोन तासांत शिकली. एकानं त्यावर मोबाईल कंपनीचं चिन्ह काढलं, ते वेगळं.

नक्षी कुठून घ्यायची? आमच्याच बाजूला देगावचं कमलनारायण मंदिर आहे, कदंबांच्या राणी कमलादेवीनं बांधलेलं. आम्ही मुलांना कागद-पेन्सिल देऊन तिथं बसवतो. मूर्तींच्या मेखला आणि बाजूबंद उतरवून आणतात. काळ चन्नम्मेच्या सहा-सातशे वर्षं आधीचा, हे मला मान्य आहे, किडा भाऊ, काही बोलू नका.

---

इतिहासाचा_किडा

काही बोललो नाही. (पण चन्नम्मेसाठी कित्तूरच्या किल्ल्यातलं संग्रहालय जवळ आहे.)

---

खानापूरची_माती

बोललातच. 😄 एक राहिलं. रायण्णाला फाशी दिली ती नंदगडला, २६ जानेवारी १८३१ ला. आमच्या मुलांचा रायण्णा खांद्यावर घोंगडं टाकूनच उभा राहतो. मावळ्यांच्या घोंगड्या मागायला निघालात तर आमच्याकडं चार आहेत, घेऊन जा. जानेवारीच्या आत परत पाहिजेत.

---

सुईदोरा

आलोच की. रविवारी खानापूरला येतो.

चिलखताचं कुणी बोलेना. मी तीन प्रयोग केले, तिन्हींचं सांगतो.

पहिला, तार. बारीक जी. आय. तार लोखंडी कांबीवर स्प्रिंगसारखी गुंडाळली, पकडीनं एकेक कडी कापली, प्रत्येक कडीत चार कड्या ओवल्या. दोन संध्याकाळी घालवून तळहाताएवढा तुकडा झाला. देखणा झाला खरं, एवढ्यानं बाजीप्रभूचं नाकही झाकत नाही. शिवाय कड्यांची टोकं बनियनमध्ये अडकतात. सोडला.

दुसरा, कांद्याची जाळीची पिशवी, शेजारच्या वैनींची आयडिया. दोन घड्या करून काळ्यावर चंदेरी मारलं. लांबून झकास! हात वर केला की रंगाचे पापुद्रे गळायला लागले. प्लास्टिकवर ऑइल पेंट धरत नाही.

तिसरा चाललाय. जाड सुती दोरा दुहेरी घेऊन बांबूच्या दोन जाड सुयांवर विणतोय. सुया मिस्टरांनी तासून दिल्या.

---

ढालगज

तिसराच बरोबर. जुन्या नाटकवाल्यांची ही युक्ती. नुसते सुलट टाके घाला दोन्ही बाजूंनी, म्हणजे आडव्या लाटा उठतात, त्या कड्यांसारख्या दिसतात. सुई जेवढी जाड तेवढं विणकाम विरळ आणि चिलखत खरं वाटतं. दोरा ताणू नका. स्वतःच्या वजनानं ते लोंबलं पाहिजे, खांद्यावर बसलेलं दिसलं पाहिजे.

चंदेरी रंग देताना भिजवू नका, दोरा ऑइल पेंट पितो आणि वजन वाढतं. आधी सगळं कपड्याच्या काळ्या रंगात बुडवून वाळवा. मग स्पंजला चंदेरी ऑइल पेंट घ्या, कागदावर टिपून जवळजवळ कोरडा करा आणि वरवर फिरवा. फक्त उंचवट्यांना लागला पाहिजे. हात आवरा, सगळं चंदेरी केलं की स्वेटर दिसतो.

---

चपडालाख

हे शेवटचं वाक्य आमच्या एका दिग्दर्शकाला कुणी ऐकवलं असतं तर! त्याचा अफझलखान स्वेटरमध्ये मेला.

तुऱ्याचं सांगायचं राहिलं. पिसं शोधत फिरू नका. वीतभर सुतळीचे पीळ सोडवा, ओल्या कंगव्यानं विंचरा, बुडाशी तारेनं आवळा. पाण्यात भिजला तरी वाळल्यावर पुन्हा उभा राहतो.

---

पिंपळपान (पुणे)

ऑनलाइनचं बोललो ते मागे घेतो. मुलीच्या शाळेसाठी काल पेननं डब्यावर फूल दाबलं. मुलगी झोपली, मी एकपर्यंत जागा होतो.

---

सुईदोरा

मंडळी, उशीर झाला, परवाच मिरवणूक झाली. पाय अजून दुखालेत.

हिशेब आधी, कारण मंडळाच्या खजिनदारालाही हाच मजकूर पाठवणार आहे. दोन हजार सहाशे चाळीस खर्च. त्यात सगळ्यात मोठा आकडा चपडा आणि स्पिरिटचा, त्याखाली ऑइल पेंट, मग दोरा. कातडं फुकट, तार फुकट, डबे लग्नाचे. घोंगड्या अकरा मिळाल्या, चार खानापूरच्या. तीन पोरांना घोंगडीच नव्हती, त्यांना गोणपाटाच्या खोळी दिल्या, आणि किडा भाऊ, त्या तिघांचेच फोटो सगळ्यात जास्त निघाले.

दांडपट्टे छान लवलवत होते. एका खोबळ्याची कांडी सुटली, निपाणकरांनी सांगून ठेवलं होतं तरी सुटली, पण सुतळीनं बांधून घेतली. चिलखत विणायला सत्तावीस दिवस लागले. खांद्यावर बसलं, ढालगज ताई, स्वेटर दिसला नाही. म्हणजे समोरून नाही. मागं मान उघडी दिसत होती, तिथं टाके कमी पडले होते.

वळीव आला. यंदा बाराला आला, गारा नव्हत्या. पोरं हललीच नाहीत. मुंडाशी चिप्प भिजली, चहाचा रंग थोडा उतरून कपाळावर आला, तो मळल्यासारखाच दिसला. टोपांवरून पाणी घरंगळत होतं, चपडालाख काका, अळवाच्या पानावरून जातं तसं. मी ट्रॉलीच्या बाजूनं चालत एकेक कड बोटानं दाबून बघत होतो. एक पोरगं वरून ओरडलं, "काकू, काय करालाइस गा, माझा टोप पाडशील!"

गेल्या वर्षीचाच पोरगा बाजीप्रभू होता. ढाल कुणाला द्यायची यावर आधी भांडण झालं, सगळ्यांना वाजणारीच हवी होती. पट्टे दोन्ही हातात, म्हणून शेवटी ती त्याच्या पाठीवर बांधली. ट्रॉली आमच्या गल्लीतून निघाली तेव्हा सासूबाई दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या. तोंडातल्या तोंडात म्हणाल्या, "माझी परात चालली."